किमान वेतनाचा फरक कसा मागावा : सोलापुरातील कामगारांसाठी पायरीनिहाय मार्गदर्शन

सोलापूरच्या पूर्व भागातील एका कारखान्यात मी नऊ वर्षे शाळेचे गणवेश शिवण्याचे काम केले. मजुरी नगावर होती. कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा आपल्याला बरेच कमी मिळते, हे मला सातव्या वर्षी कळले, तेही शेजारच्या विडी कामगार बाईंकडून. २०१९ साली मी एकवीस महिन्यांच्या फरकाचा दावा केला आणि त्यातल्या शेवटच्या सहा महिन्यांचेच पैसे हाती आले. बाकीचे पंधरा महिने का गेले, हे मी पुढे सांगणार आहे, कारण ती चूक आजही लोक करतात. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे अर्ज मी त्यांच्यासोबत बसून लिहिले. त्यात यंत्रमागावरचे होते, शिलाईवाले होते, हॉटेलात आणि दुकानांत काम करणारे होते. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्या कामगाराला अर्ज कोठे द्यायचा यापेक्षा आपला हिशेब कसा मांडायचा हे अधिक अडते. म्हणून या लेखात हिशेबाला जास्त जागा दिली आहे.

कायद्याची स्थिती आधी समजून घ्या. १९४८ चा किमान वेतन अधिनियम, १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम, १९६५ चा बोनस अधिनियम आणि १९७६ चा समान वेतन अधिनियम हे चारही कायदे एकत्र करून वेतन संहिता, २०१९ तयार झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. जुन्या कायद्याखाली काढलेल्या दरांच्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतात, अशी तरतूद संहितेतच आहे. त्यामुळे "जुना कायदा रद्द झाला, आता जुना दर लागू नाही" असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नका. पूर्वी अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांनाच किमान वेतन लागू होई. संहितेने ही अट काढली आहे, म्हणून "आमचा धंदा यादीत नाही" हे उत्तरही आता चालत नाही.

पायरी १ : आजपासून स्वतःची वही ठेवा

दर शोधण्याच्याही आधी हे काम सुरू करा. शंभर पानी वही घ्या आणि रोज रात्री तारीख, कामावर गेल्याची व सुटल्याची वेळ, कामाचा प्रकार, तयार केलेला माल, मिळालेली रक्कम आणि घेतलेली उचल लिहा. खाडा झाला असेल तर तो का झाला, तेही नोंदवा. तुम्ही घरच्या कारणाने गेला नाहीत आणि सूत नव्हते म्हणून मालकाने परत पाठवले, या दोन गोष्टींचा कायद्यातील परिणाम अगदी वेगळा आहे. नोंदी रोजच्या रोज व्हाव्यात. एका बैठकीत, एकाच पेनाने सहा महिन्यांची वही लिहून काढली तर ती पाहताक्षणी ओळखू येते आणि मग खऱ्या नोंदींवरही विश्वास ठेवला जात नाही.

विडी वळणाऱ्या महिलांची नोंद थोडी वेगळी असते, कारण त्यांचा दर हजार विड्यांवर ठरतो. किती पान आणि किती तंबाखू दिला, किती विड्या मोजून घेतल्या आणि किती छाट म्हणून बाजूला काढल्या, हे आकडे माल देण्याच्या दिवशीच लिहावेत. छाट काढलेल्या विड्यांची मजुरी कापली जात असेल तर तो आकडा वहीत स्वतंत्र असलाच पाहिजे, कारण दर बरोबर असूनही मजुरी कमी पडते ती बहुधा तेथेच.

वहीसोबत पुढील कागद एका पिशवीत जमा करत जा.

- ओळखपत्र, हजेरी कार्ड, गेटपास, पगाराची चिठ्ठी, यांपैकी जे असेल ते
- पगार बँकेत येत असल्यास पासबुकाच्या नोंदी
- भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आणि त्याचे ऑनलाइन पासबुक, त्यात आस्थापनेचे नाव असते
- कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्ड
- मालक, मुकादम किंवा सुपरवायझर यांचे व्हॉट्सॲप संदेश, विशेषतः "उद्या लवकर या", "आज माल नाही" असे
- आधार कार्डाची व बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- सोबत काम करणाऱ्या आणि साक्ष देण्यास तयार असलेल्या दोघांची नावे

यातले बरेचसे नसेल तर खचून जाऊ नका. माझ्याकडे पगाराची एकही चिठ्ठी नव्हती. होती ती बंडलांवर लावलेली क्रमांकाची लेबले, जी मी सवयीने डब्यात टाकत असे, आणि वही. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेनुसार मालकावर असते. तुम्ही तेथे काम करत होता, एवढे मात्र तुम्हाला दाखवावे लागते.

पायरी २ : तुमचा दर नेमका ओळखा

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ वेतन आणि विशेष भत्ता. मूळ वेतन राज्य शासनाच्या अधिसूचनेने ठरते आणि काही वर्षांनी सुधारले जाते. विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असून वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचे किमान वेतन. मालकाने दाखवलेल्या कागदावर नुसते मूळ वेतन असेल तर तो कागद अपुरा आहे. कामगार आयुक्त कार्यालयाच्या "महाकामगार" संकेतस्थळावर उद्योगानुसार दर मिळतात. इंटरनेट जमत नसेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन चालू सहामाहीचा आणि मागच्या सहामाह्यांचा दर विचारून लिहून घ्या.

दर शोधताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली म्हणजे उद्योग. यंत्रमाग, विडी, शिलाई, हॉटेल, दुकाने यांचे दर वेगवेगळे आहेत. दुसरी म्हणजे परिमंडळ, म्हणजे दरासाठी केलेला भौगोलिक विभाग, आणि ते तुमच्या घरावरून ठरत नाही, कारखान्याच्या जागेवरून ठरते. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतला कारखाना आणि मोहोळ तालुक्यातील चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना एकाच परिमंडळात येईलच असे धरून चालू नका. परिमंडळाची व्याख्या त्या त्या उद्योगाच्या अधिसूचनेत असते, ती वाचून घ्या. तिसरी गोष्ट कौशल्याचा वर्ग, म्हणजे कुशल, अर्धकुशल की अकुशल. येथे कामगाराचे सर्वाधिक नुकसान होते. अधिसूचनेत कामांची नावे देऊन कोणते काम कोणत्या वर्गात येते हे सांगितलेले असते. कागदावर "मदतनीस" लिहून प्रत्यक्षात मशीन चालवून घेतले जात असेल, तर कागदावरचे नाव बाजूला ठेवून प्रत्यक्ष कामाचा वर्ग मागा. मी ओव्हरलॉक मशीन चालवत होते आणि हजेरीपत्रकात माझी नोंद धागे कापणारी अशी होती.

मासिक दरावरून रोजचा दर काढताना सर्वसाधारणपणे २६ ने भागतात. ३० ने भागून दाखवलेला आकडा रोजंदारीवाल्याने स्वीकारू नये.

पायरी ३ : फरकाचा तक्ता करा

समजण्यासाठी एक काल्पनिक दर घेऊ. मूळ वेतन १०,४०० रुपये आणि विशेष भत्ता २,६०० रुपये, एकूण १३,००० रुपये. २६ ने भागल्यावर रोजचे ५०० रुपये. तुमचा खरा दर वेगळा असेल, पद्धत मात्र हीच राहील.

*नगावर काम असेल तर.* समजा एका नगाला २ रुपये आहेत. सोमवारी २१२ नग झाले, मंगळवारी १९८, बुधवारी कापड आले नाही, गुरुवारी २०५, शुक्रवारी २२० आणि शनिवारी १६५. एकूण १,००० नग, मजुरी २,००० रुपये. कायदा असे सांगतो की ज्या कामाला वेळेवर आधारित किमान दर ठरलेला आहे आणि नगाचा किमान दर ठरलेला नाही, ते काम नगावर करून घेतले तरी कामगाराला वेळेच्या दरापेक्षा कमी देता येत नाही. म्हणजे सहा दिवसांचे ३,००० रुपये देणे होते, २,००० दिले, फरक १,००० रुपये. "तिचा हात संथ आहे" हे उत्तर मालक देतोच. त्याने काही बिघडत नाही. किमान वेतन हा दिवसभराच्या कामाचा तळ आहे. त्याहून जास्त नग काढणाऱ्याला जास्त मिळावे, एवढाच नगाच्या दराचा उपयोग.

बुधवारकडे पुन्हा पाहा. त्या दिवशी तुम्ही कामावर हजर होता आणि कापड नव्हते. रोजच्या दराच्या कामगाराने ठरलेल्या तासांपेक्षा कमी काम केले, आणि ते त्याच्या नाखुशीमुळे झाले नसेल, तर त्याला पूर्ण दिवसाचे वेतन द्यावे लागते. अपवाद कायद्यात आणि नियमांत आहेत, पण वीज गेली, सूत संपले, माग बंद पडला ही कारणे सांगून कामगारालाच घरी बसवायचे आणि दिवस कापायचा, ही आपल्याकडची रूढ पद्धत तपासल्याशिवाय मान्य करू नये. म्हणूनच वहीत "हजर, माल नाही, अकरा वाजता परत पाठवले" असे लिहिणे महत्त्वाचे आहे. माझ्या दाव्यात असे तेवीस दिवस निघाले.

*बारा तासांची पाळी असेल तर.* यंत्रमागावर ही पाळी इतकी रुळली आहे की मजुरी विचारताच कामगार बारा तासांचा आकडा सांगतो. समजा एका पाळीचे ६५० रुपये मिळतात. ५०० च्या किमान दरापेक्षा हे जास्त दिसते, आणि येथेच फसगत होते. आठवड्याला सहा पाळ्या म्हणजे ७२ तास. ४८ तास हे आठवड्याचे नेहमीचे काम धरले तर २४ तास जादा झाले. जादा कामाचा दर दुप्पट असतो. ५०० भागिले ८ म्हणजे तासाला ६२ रुपये ५० पैसे, दुप्पट १२५ रुपये, आणि २४ तासांचे ३,००० रुपये. नेहमीच्या कामाचे ३,००० मिळवले की आठवड्याचे ६,००० रुपये होतात. हाती आले ३,९००. फरक २,१०० रुपये, आणि तो दर आठवड्याला. माझ्या परिचयातील एका विणकराने पंचवीस वर्षे रात्रपाळी केली होती. हा हिशेब मांडून दाखवल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी तेलुगूत मुलाला हाक मारून पुन्हा पहिल्यापासून बेरीज करायला सांगितली.

*उचल आणि कपाती.* फरकाच्या तक्त्यात "मिळालेली रक्कम" या रकान्यात हाती पडलेले पैसे लिहू नका. उचल वळती करण्यापूर्वीचा आकडा लिहा. मजुरी २,००० झाली आणि उचलीपोटी ५०० कापले, तर मिळालेली रक्कम २,००० च आहे, कारण ते ५०० तुम्ही आधीच घेतले होते. ही चूक प्रामाणिकपणे होते, पण उलटतपासात ती उघड झाली की संपूर्ण तक्ता फुगवलेला आहे असे म्हणायला समोरच्या वकिलाला जागा मिळते. दंड, खराब मालाची भरपाई आणि गैरहजेरीची कपात यांना मात्र कायद्याने मर्यादा आहेत. त्या पगार काळातील वेतनाच्या ३ टक्क्यांहून जास्त दंड करता येत नाही, कामगाराला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि सर्व कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा तुमच्या किमान वेतनातून कापता येत नाही. तुमचा १२ टक्क्यांचा हिस्सा आणि राज्य विमा योजनेचा ०.७५ टक्क्यांचा हिस्सा तेवढा कापला जाईल. दिवाळीचा बोनस हेही वेगळे देणे आहे, तो दरमहा थोडा थोडा देऊन किमान वेतन पूर्ण केले असे दाखवता येत नाही.

तक्त्यात प्रत्येक महिना स्वतंत्र ओळीत लिहा आणि २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीचे महिने वेगळ्या पानावर घ्या. याचे कारण पाचव्या पायरीत आहे.

पायरी ४ : मालकाला लेखी मागणी द्या

कायद्याने प्रत्येक वेळी हे आवश्यक असतेच असे नाही, पण माझा आग्रह आहे की हे पत्र द्यावे. काही मालक खरोखर हिशेब तपासतात आणि पुढच्या महिन्यापासून दर सुधारतात. जे तपासत नाहीत, त्यांना माहिती होती हे पुढे दाखवता येते. पत्रात राग नसावा, आकडे असावेत. मजकूर साधारण असा ठेवा :

"मी आपल्या कारखान्यात दिनांक … पासून ओव्हरलॉक मशीनवर शिलाईचे काम करीत आहे. सदर कामास शासनाने ठरविलेले किमान वेतन दरमहा … रुपये असून मला सरासरी … रुपये मिळत आहेत. दिनांक … ते दिनांक … या काळातील फरकाची रक्कम सोबतच्या तक्त्याप्रमाणे … रुपये होते. ती हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावी, ही विनंती."

पत्र टपालाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. पूर्वी आपण रजिस्टर एडी म्हणायचो. २०२५ मध्ये टपाल खात्याने ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे, तेव्हा खिडकीवर पोहोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. तुम्ही मुकादमामार्फत किंवा कंत्राटदाराकडे काम करत असाल तर एक पत्र त्याला आणि एक पत्र मूळ आस्थापनेच्या मालकाला द्या. कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ज्याच्या आस्थापनेत काम चालते त्याच्यावर ती जबाबदारी येते.

हे पत्र गेल्यावर कारखान्यात वातावरण बदलते, हे आधीच मनात धरा. कोऱ्या कागदावर किंवा व्हाउचरवर सही मागितली जाते. कागदात काय लिहिले आहे ते तुमच्या भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. आपल्या शहरात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारे आणि मराठी अडखळत वाचणारे हजारो कामगार आहेत. "हे मला वाचून दाखवा" असे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही. कामावरून काढून टाकले तर तो दिवस वहीत लिहून लगेच संघटनेकडे किंवा वकिलाकडे जा. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या राज्य कायद्यात तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे, त्यामुळे वाट पाहण्यात तीन महिने घालवू नका.

पायरी ५ : तक्रार आणि दावा यांतील फरक ओळखा

माझे पंधरा महिने येथे गेले. मी साध्या कागदावर तक्रार लिहिली, कार्यालयात दिली, पोहोचशिक्का घेतला आणि आपले काम झाले असे समजून आठ महिने थांबले. तक्रारीवर निरीक्षक कारखान्यात येऊन नोंदवह्या पाहतो, मालकाला त्रुटी कळवतो, खटलाही दाखल होऊ शकतो. तुमच्या फरकाच्या रकमेचा निवाडा मात्र प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे असे दावे ऐकण्यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे, स्वतंत्र दावा अर्ज केल्यावरच होतो, आणि मुदत त्या अर्जाच्या तारखेवरून मोजली जाते. जुन्या कायद्यात ही मुदत अवघी सहा महिने होती. उशीर माफ करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला होता, पण त्यासाठी कारणासह वेगळी विनंती करावी लागते हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि पुरेसे कारण दाखवल्यास त्यानंतरही अर्ज घेता येतो. ही फार मोठी सुधारणा आहे. तरीही २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीच्या महिन्यांबाबत जुनीच मुदत लागू होते असा युक्तिवाद समोरून येऊ शकतो. म्हणून त्या महिन्यांचा तक्ता वेगळा ठेवा आणि अर्जातच एक परिच्छेद लिहून उशीर माफ करण्याची विनंती करा. आजारपण, दर माहीत नसणे, मालकाने "देतो, देतो" म्हणून थांबवणे, जे खरे कारण असेल ते तारखांसह मांडा.

दावा कोणापुढे करायचा आणि कोणत्या नमुन्यात, हे सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्या. अर्ज कामगार स्वतः करू शकतो, तो ज्या संघटनेचा सभासद आहे ती संघटना करू शकते आणि निरीक्षकही करू शकतो. एकाच आस्थापनेतील अनेक कामगारांचा एकत्रित अर्जही चालतो. शक्य असेल तर तोच करा. एकटी बाई अर्ज घेऊन उभी राहते तेव्हा तिच्यावर जो दबाव येतो तो अकरा जणींवर येत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

वकिलाची फी हा अडसर समजू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा. पूर्वी तक्रार दिली असेल आणि तपासणी झाली असेल, तर तपासणी अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मालकाने निरीक्षकाला दाखवलेली कामगारांची संख्या आणि दावा चालताना सांगितलेली संख्या वेगळी असेल, तर तो अहवाल तुमच्या फार उपयोगी पडतो.

पायरी ६ : तारखा आणि तडजोड

मालकाला नोटीस जाते, तो लेखी म्हणणे देतो, कागद दाखल होतात, साक्ष आणि उलटतपास होतो. संहितेत तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. तरी तारखा पडतील असे धरून कामाची सोय लावा आणि एकही तारीख चुकवू नका. मालकाच्या म्हणण्यात बहुधा तीन गोष्टी येतात : ही व्यक्ती आमच्याकडे कामाला नव्हतीच, ती स्वतःच्या मर्जीने ये-जा करत होती, किंवा सर्व हिशेब चुकता झाला आहे. पहिल्याला उत्तर ओळखपत्र, निधीचे पासबुक, संदेश आणि साक्षीदार. दुसऱ्याला वहीतील रोजच्या वेळा. तिसऱ्यासाठी मालकाची वेतन नोंदवही सादर करण्याचा आदेश मागा. प्राधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात, तो कागद मागवू शकतो. साक्ष देताना आठवत नसेल तर "आठवत नाही, वहीत लिहिले आहे" असे सांगा आणि अंदाजाने आकडा बोलू नका.

बहुतेक दाव्यांत मध्येच तडजोडीचा प्रस्ताव येतो. तो वाईटच असतो असे नाही. ज्या घरात एकाच्या मजुरीवर चूल पेटते त्या घराला आज मिळणारे वीस हजार दोन वर्षांनी मिळणाऱ्या चाळीस हजारांपेक्षा मोलाचे असू शकतात, आणि तो निर्णय त्या घरानेच घ्यावा. तडजोड प्राधिकाऱ्यासमोर नोंदवून घ्या, रक्कम खात्यात जमा झाल्यावरच अर्ज निकाली काढण्यास संमती द्या आणि पुढच्या महिन्यापासून योग्य दराने वेतन देण्याचे कलम त्यात लिहून घ्या. "यापुढे किमान वेतनाचा दावा करणार नाही" असे वाक्य घातले तर ते काढायला सांगा. असा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे, पण सही झालेला कागद दाखवून पुढची अनेक वर्षे लोकांना गप्प बसवले जाते.

फरकाच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. अर्जात ती मागा, मात्र दहा पट मिळणारच असे धरून कर्ज काढू नका. ती कमाल मर्यादा आहे. माझ्या प्रकरणात फरक आणि त्याच्या एवढीच भरपाई मिळाली. मालकाला होणारी शिक्षा हा वेगळा विषय आहे. कमी वेतन दिल्याबद्दल पहिल्या वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा दंड सरकारजमा होतो, तुमच्या फरकाचा त्याच्याशी संबंध नाही.

पायरी ७ : आदेशानंतरची वसुली

आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागा. अपिलासाठी ९० दिवस असतात आणि तो हक्क दोन्ही बाजूंना आहे. ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर प्राधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून वसुली प्रमाणपत्र मागा. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. प्रत्यक्षात ते काम तहसील कार्यालयाकडे येते, आणि तेथे पाठपुरावा केला नाही तर कागद पडून राहतो. प्रमाणपत्राचा जावक क्रमांक आणि तारीख घ्या, तहसीलमधील आवक क्रमांक घ्या आणि दर पंधरा दिवसांनी दोन्ही क्रमांक घेऊन जा. मालकाची मिळकत कोठे आहे, बँकेचे खाते कोणत्या शाखेत आहे, कारखान्याची जागा स्वतःची की भाड्याची, ही माहिती तुम्हीच लेखी दिली तर वसुली लवकर होते, कारण ती शोधण्यातच महिने जातात. माझ्या वेळी मालकाने आदेशानंतर कारखान्याचे नाव बदलले होते. जागा तीच होती, मशीन तीच होती, म्हणून नव्या फलकाचा फोटो आणि जुन्या बिलावरचा पत्ता जोडून मी अर्ज दिला आणि त्यानंतर पाचव्या आठवड्यात धनादेश आला.